नवरीकडची गोळी, नवऱ्याकडची गोळी

आरसा गालाला चिकटला. दाताच्या डॉक्टरकडे लांब दांड्याचा छोटा गोल आरसा असतो, तो. मी तो सोनीमावशींच्या गालाच्या आतून फिरवत होते आणि तो मध्येच अडकला. हळूच ओढला. गालाची कातडी थोडी त्याच्यासोबत आली, मग सुटली.

चांगल्या तोंडात आरसा असा चिकटत नाही. तिथे सतत थुंकी पाझरत असते. आम्ही तिला लाळ म्हणतो. जीभ वर करायला सांगितली की खाली लहानसं तळं दिसतं. सोनीमावशींनी जीभ वर केली. तळं नव्हतं. थोडा फेस होता, ओहोटीनंतर खडकाच्या कडेला राहतो तसा.

मी बी.डी.एस. आहे. आमच्या घरातलं माझ्याआधी कोणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलं नव्हतं, मासळी द्यायला गेलं असेल तर वेगळं. हे मी सांगते कारण मला सांगायला आवडतं. आम्ही पालघरकडच्या, समुद्रकाठच्या नवापूरचे. आई अजून वलांडीवर बोंबील सुकवते. वलांडी म्हणजे बांबूंची चौकट, तिच्यावर बोंबील जोडीजोडीनं तोंडात तोंड अडकवून टांगतात. त्यामुळे कोरडं तोंड मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. माणसाचं मात्र अभ्यासक्रमात आल्यावर पाहिलं.

तेव्हा मी बोईसरला एका क्लिनिकमध्ये नोकरीला होते. क्लिनिक सरांचं. पेशंट बहुतेक एमआयडीसीतले. शिफ्ट सुटली की येणार, 'मॅडम, जल्दी करो, बस निकल जायेगी' म्हणणार आणि तोंड उघडायच्या आधी घड्याळ बघणार. सोनीमावशी त्यांच्यातल्या नव्हत्या. मनोरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याला त्यांचा पाडा. मुलगा विलास एमआयडीसीत ऑपरेटर. त्यानं अर्धी सुट्टी टाकून आईला आणलं होतं आणि खुर्चीच्या बाजूलाच उभा होता.

"मॅडम, सगळे दात काढायचे आणि कवळी बसवायची," विलास म्हणाला. "वैशाखाच्या आत."

दातांची अवस्था वाईट होती हे खरं. हिरडीच्या अगदी कडेला, जिथे दात सुरू होतो तिथेच, ओळीनं कीड. पुढचे दातसुद्धा. पण वर मजबूत होते. सारवलेली भिंत खालून वाळवीनं धरावी तसं. मी विचारलं, हे कधीपासून. मावशी म्हणाल्या, आधी काही नव्हतं, हरभरा फोडून खायची. दोन पावसाळ्यांत झालं सगळं.

वैशाखाची घाई कशाला, ते विलासनं सांगितलं. सोनीमावशी धवलेरी आहेत. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. घरात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात आणि धवलेरी त्याच्यासमोर बसून गाणं म्हणते. देवांना बोलावते, नवरा-नवरीला त्यांच्यासमोर आणते, सगळं गाण्यातून. तिचं गाणं पूर्ण झालं की लग्न लागलं. गाणं अडलं तर लग्न अडलं. मावशींच्या दिराच्या नातीचं लग्न वैशाखात होतं. आणि मागच्या लग्नात मावशींचं गाणं अडलं होतं.

"जीभ टाळूला चिकटली," मावशी म्हणाल्या. "शबूद निघंना. मागं सुंदरी बसलेली, तिनं घेतलं पुढं. झालं लगीन. पर लोकं बोलली."

"काय बोलली?"

"सोनीची इहीर आटली म्हणं."

सुंदरी म्हणजे पाड्यावरची तरुण बाई, मावशींच्या मागे बसून ओळ उचलणारी. आता नातीकडचे म्हणत होते, या वेळी सुंदरीलाच पुढे बसवू. धवलेरीची जागा एकदा गेली की परत मागून मिळत नाही. मावशींचा हिशोब सरळ होता. जीभ किडक्या दातांना अडते. दात काढा, गुळगुळीत कवळी बसवा, जीभ सुटेल.

हिशोब चुकीचा होता. कवळी तोंडात टिकते ती थुंकीच्या जोरावर. ओल्या ताटलीवर काचेचा ग्लास ठेवला की चिकटतो ना, तसं. कोरड्या ताटलीवरचा ग्लास सरकतो. मावशींचं तोंड कोरडी ताटली होतं. त्यात कवळी बसवली असती तर देवांना बोलावताना ती चौकासमोर पडली असती.

मी हे सरांना जाऊन सांगितलं. सर बाजूच्या खोलीत एकाची दाढ भरत होते. हातातलं काम न थांबवता ऐकलं.

"पेशंट काय मागतोय?"

"कवळी."

"मग?"

"सर, तोंडात लाळच नाही. टिकणार नाही."

"कवळी चिकटवायची पावडर मिळते ना."

"ती ओली व्हायलाही लाळ लागते, सर. आणि हिरड्या सोलून निघतील."

दाढवाला पेशंट आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला बोलता येत नव्हतं, हे बरं होतं. सर म्हणाले, कारण शोधून आण, नाहीतर दात काढायची तारीख दे, बाई लांबून आली आहे. यात सरांचंही अगदी चुकलं नव्हतं. लांबून आलेल्या माणसाला 'बघू' म्हणून परत पाठवलं तर तो परत येत नाही.

तोंड कोरडं पडायची कारणं तशी ठरलेली असतात. पहिला संशय साखरेचा. लॅबमध्ये पाठवलं. शुगर नॉर्मल. दुसरं, नाक बंद राहणं, त्यामुळे रात्रभर तोंडानं श्वास. नाक मोकळं होतं. तिसरं, तंबाखू. मिशरी होती, सकाळची. तिनं वाईट होतं, पण इतकं नाही, आणि मिशरी तर मावशी स्वतःच्या लग्नाच्या आधीपासून लावत होत्या. काही आजारात लाळेच्या ग्रंथीच बिघडतात, तेव्हा डोळेही कोरडे पडतात, सांधे धरतात. डोळे ठीक होते. सांध्यांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, या वयात कुणाचे धरत नाहीत.

चौथं कारण, औषधं. हे खरं तर पहिलं विचारायचं असतं आणि मी विचारलंही होतं. कुठल्या गोळ्या चालू आहेत का? उत्तर विलासनं दिलं होतं, "नाय मॅडम, आई काही घेत नाय." मावशी छताकडे बघत होत्या.

एक गोष्ट मात्र तपासताना सापडली. डाव्या गालात, दाढेच्या बाजूला, काहीतरी खडा लागला. खडीसाखर. तोंड कोरडं पडतं म्हणून मावशी दिवसभर एक खडा गालात ठेवायच्या. गाण्याच्या दिवशी तर संपला की दुसरा. थुंकी असती तर तिनं साखर धुऊन नेली असती. थुंकी नव्हती, त्यामुळे साखर हिरडीच्या कडेला मुक्कामाला राहिली होती. दात किडण्याचं कोडं सुटलं. तोंड कोरडं का, हे कोडं तसंच राहिलं.

मी मावशींना पुढच्या आठवड्यात बोलावलं. तोपर्यंत खडीसाखर बंद, मिशरी बंद, घोट घोट पाणी. आणि एक ट्यूब दिली, कृत्रिम लाळेची जेल. तोंडात बोटानं फिरवायची.

मावशींनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. "ही कुणाची थुकी?"

"कुणाची नाही. कारखान्यात बनवतात."

"विलासच्या कंपनीत?"

विलास म्हणाला, "आई, आमच्यात रंग बनवतात."

"मंग ठीक हाय," म्हणून त्यांनी ट्यूब घेतली.

पुढच्या आठवड्यात आले तेव्हा थोडा फरक होता. थोडाच. जेलनं तासभर बरं वाटतं, मग परत तेच. ट्यूब म्हणजे टँकरचं पाणी. मला विहीर का आटली ते हवं होतं. मी विलासला म्हटलं, बाहेरून आईसाठी बिनसाखरेचा चहा घेऊन या, आमच्या इथला मिळत नाही. तो मिळत होता. पण विलास गेला.

मग मी गोळ्यांचं विचारलं नाही. विचारलं, "मावशी, तोंड सुकायला लागलं त्याच्या आधी काय त्रास होता?"

मावशींनी दाराकडे बघितलं. मग कंबरेची चंची सोडली. पानसुपारीची कापडी पिशवी ती, बायकांची सगळी मालमत्ता तिच्यात असते. सुपारीच्या कप्प्यामागून दवाखान्याच्या कागदी पिशवीत गुंडाळलेली गोळ्यांची स्ट्रिप काढली आणि माझ्या हातात ठेवली. तीही माझ्याकडे न बघता.

लघवी आवरत नाही म्हणून देतात ती गोळी होती.

हळूहळू सगळं आलं. दोन वर्षांपूर्वी लघवीची घाई सुरू झाली. लागली की लगेच, थांबायला वेळ नाही. एका लग्नात गाणं चालू असताना उठायची वेळ आली. त्या उठल्या नाहीत. नंतर लुगडं ओलं झालं ते कुणाला कळू नये म्हणून हातातला तांब्या मुद्दाम सांडला. मग कुणाला न सांगता एकट्याच एस.टी.नं पालघरला गेल्या, डॉक्टरांना दाखवलं, गोळी आणली. ती सुरू झाल्यावर खाली आवरलं.

"आणि वर सुकलं," मी म्हटलं.

"त्याचा काय संबंध, बाय?"

संबंध सांगते. लघवीच्या पिशवीला 'आवळ' असा निरोप नसांमधून जातो. ही गोळी तो निरोप अडवते. थुंकीच्या ग्रंथींना 'पाझर' असा निरोपही त्याच जातीच्या नसांमधून जातो. गोळी तोही अडवते. वरचं कुठलं, खालचं कुठलं, तिला कळत नाही. ती दोन्हीकडचा नळ बंद करते. अशा गोळ्या अनेक आहेत. सर्दीच्या काही, झोपेच्या काही, मन शांत ठेवणाऱ्या काही. पेशंटला वाटतं तोंड वयानं सुकलं.

"रोज एकच घेता ना?"

"रोज एक. लगनाच्या दिवशी दोन."

"दोन का?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं ते बावळट पोरीकडे बघतात तसं. "लगीन दोन घरचं असतं. नवरीच्या घरी गायचं, मंग नवऱ्याच्या घरी. एक नवरीकडची, एक नवऱ्याकडची."

मी हसले नाही. आम्हाला कॉलेजात न हसायला शिकवत नाहीत, ते मी घरून शिकून आले होते. पुढचं विचारलं. त्या दिवशी पाणी किती पिता? सकाळपासून बंद, म्हणाल्या. पाणी प्यायलं तर जावं लागेल ना. म्हणजे दुप्पट गोळी, पाणी शून्य आणि गालात खडीसाखर. आमच्या आईला बोंबील इतके चांगले सुकवायला तीन दिवसांचं ऊन लागतं.

गोळी बंद करा, असं मी सांगू शकत नव्हते. दुसऱ्या डॉक्टरनं दिलेलं औषध दाताच्या डॉक्टरनं परस्पर बंद करायचं नसतं. मी स्ट्रिपच्या पिशवीवर छापलेल्या नंबरला फोन लावला. पालघरचे डॉक्टर घाईत होते.

"तुम्ही डेंटिस्ट ना?"

"हो."

"मग लघवीचं कुठे बघताय?"

"तोंडातून दिसतंय, सर."

ते म्हणाले, बोला. मी सगळं सांगितलं. दोन गोळ्यांचं ऐकल्यावर त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, या वयात ही गोळी जास्त झाली की नुसतं तोंड सुकत नाही, डोकंही जड होतं, आठवत नाही, शब्द सापडत नाहीत. त्यांना पाठवून द्या, दुसऱ्या प्रकारची गोळी आहे, ती वेगळ्या वाटेनं काम करते, तोंड त्या मानानं कमी सुकतं. बी.पी. बघून देतो. पण नुसत्या गोळीवर भागणार नाही. ठरावीक वेळानं, लागो न लागो, उठून जायची सवय लावायला हवी. आणि पाणी पिऊ द्या बाईला.

मी हे मावशींना सांगितलं. शब्द सापडत नाहीत, हे गोळीनंही होतं म्हणाले, असंही सांगितलं. मावशींनी चंचीची नाडी बोटाला गुंडाळली, परत सोडली. मग म्हणाल्या, "म्हणजे गाणं माझ्यातून गेलं नाय?"

तेव्हा मला कळलं की दातांची भीती त्यांना कधी नव्हतीच. जीभ चिकटली एवढंच त्यांनी लोकांना सांगितलं होतं. खरं म्हणजे त्या दिवशी पुढची ओळ आठवली नव्हती. कवळी करून ओळ आठवेल, असं त्यांनाही वाटत नसणार. पण दात काढता येतात, त्याबद्दल कुणी हसत नाही.

विलास चहा घेऊन आला तोपर्यंत चंची परत कंबरेला गेली होती.

पुढचे दोन महिने काम चाललं. दोन दाढा वाचणाऱ्या नव्हत्या, त्या काढल्या. बाकीच्या हिरडीकडेच्या किडी साफ करून दातांचं सिमेंट भरलं. दातांना फ्लोराइडचा लेप दिला, तसली पेस्ट दिली. चघळायला बिनसाखरेचं च्युइंग गम दिलं. चघळलं की ग्रंथींना आठवण होते. मावशी म्हणाल्या, गाय झाली माझी. कुणीतरी त्यांना चिंच चोखायला सांगितली होती. पाणी सुटतं हे खरं, पण ज्या तोंडात थुंकी कमी तिथे आंबट दातांना खातं. तीही बंद केली. तिखट कमी, झोपताना जेल. नवी गोळी सुरू झाली होती. आरसा आता गालावरून सरकत होता. जिभेखाली तळं नाही, पण डबकं दिसायला लागलं.

राहिलं एकच. उठायचं.

"ते नाय जमायचं," मावशी म्हणाल्या. "चौकासमोरून धवलेरी उठत नाय."

"कुणी सांगितलं?"

"सासू कधी उठली नाय. तिच्या मागं बसून शिकले मी. एवढ्या लग्नांत नाय उठली."

सासू म्हणजे त्यांच्या आधीची धवलेरी. आता हयात नाही. मी मुकाट्यानं लेप लावत होते. माझ्या कामाचा हा एक फायदा आहे, पेशंटच्या तोंडात आपला हात असला की त्याला विचार करायला वेळ मिळतो. मी हात काढला तेव्हा मावशी समोर भिंतीकडे बघत होत्या.

"शिकवलं कसं त्यांनी?" मी सहज विचारलं. "मागे बसवून फक्त?"

"नाय. मदीच म्हणायची, सोने, तू म्हण जरा, मी चूल बघून येते. मंग मी म्हणायची. घाबरून म्हणायची. ती यायची सावकाश."

त्या खुर्चीत सरळ उठून बसल्या.

"लगनाच्या घरी तिला कसली चूल?" त्या म्हणाल्या. "रांधायला बाया असायच्या."

मी ग्लासात पाणी भरून दिलं. त्यांनी चूळ भरली, थुंकल्या, परत मागे टेकल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होत्या.

"म्हातारी चालू होती," त्या म्हणाल्या.

सरांना मी केस बंद झाल्याचं सांगितलं. सर म्हणाले, कवळी नाही झाली ना शेवटी. मी म्हटलं, नाही, दात राहिले. सर म्हणाले, बरं. सर फार बोलत नाहीत. पण त्यानंतर तोंड कोरडं असलेला पेशंट आला की ते त्याला माझ्या खोलीत पाठवायला लागले.

लग्नाला मला बोलावणं होतं. मी गेले. दुपार होती, मांडवात माणसं दाटीनं बसलेली. घरात भिंतीवर चौक पांढराशुभ्र दिसत होता. सोनीमावशी त्याच्यासमोर बसल्या होत्या, बाजूला पाण्याचा तांब्या, मागे सुंदरी. सुंदरी आधीच्या आठवड्यात घरी येऊन बसायला लागली होती, असं विलास म्हणाला. आईनं बोलावलं म्हणे, स्वतः. तिला बोलावून काय सांगितलं ते विलासला माहीत नव्हतं.

गाणं सुरू झालं. मला सगळे शब्द कळत नव्हते, आमची बोली समुद्राकडची. पण आवाज कुठे अडत नव्हता, हे कळत होतं. मी गाणं कमी आणि तोंड जास्त बघत होते. त्याला इलाज नाही. दोन ओळींच्या मध्ये मावशी तांब्यातून घोट घ्यायच्या. नातीची आई दाराशी उभी होती, हाताची घडी घालून. तिनंच सुंदरीला पुढे बसवायचं म्हटलं होतं. गाण्याच्या मध्यावर कुठेतरी तिच्या हाताची घडी सुटली.

थोड्या वेळानं सोनीमावशींनी ओळ पूर्ण केली आणि मागे वळल्या.

"सुंदरे, तू म्हण जरा. मी चूल बघून येते."

आणि उठल्या. पदर सावरला, माझ्या बाजूनं गेल्या, माझ्याकडे पाहिलंही नाही.

सुंदरीनं ओळ उचलली. आवाज पहिल्यांदा थोडा कापला, मग नीट लागला. जेवण बोईसरच्या केटररकडे होतं. मांडवामागे मोठ्या गॅसच्या शेगड्यांवर पातेली चढली होती आणि चूल म्हणून त्या अंगणात कुठे पेटलेली नव्हती. ते सगळ्यांना दिसत होतं. कुणी काही विचारलं नाही. एका म्हाताऱ्या बाईनं फक्त मान हलवली, ओळखीचं काहीतरी ऐकलं की हलवतात तशी.

मावशी सावकाश परत आल्या. सुंदरीला तिची ओळ पूर्ण करू दिली. मग बसल्या, तांब्यातून एक मोठा घोट घेतला आणि पुढचं धरलं. लग्न लागलं.

आता माझं स्वतःचं क्लिनिक आहे, पालघरला. कोरड्या तोंडाचा पेशंट आला की मी शुगर बघते, नाक बघते, आरसा गालावरून फिरवते. पण त्याच्याही आधी सोबत आलेल्या माणसाला चहा आणायला पाठवते. चहा आमच्याकडे मिळतो. मिळत नाही, असं सांगायचं असतं.